वामनदादांचे गाणे आणि आमचे कान

मराठी समीक्षेने ज्या कवींना ओसरीवरच बसवून ठेवले, माजघरात घेतले नाही, त्यांत वामनदादा कर्डक यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. २०२२ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने सभा झाल्या, गाणी झाली; परंतु त्यांच्या गीतांचा रचना म्हणून केलेला विचार आमच्या वाचनात थोडाच आला. ‘प्रचारगीतकार’ हा शब्द एकदा उच्चारला की पुढचे कष्ट वाचतात, असे आपल्याकडील पुष्कळ टीकाकारांना वाटत असावे.

एका कॅथॉलिक त्रैमासिकात हा विषय कशासाठी, असे काही वाचक विचारतील. कोलशेत, ढोकाळी, बाळकूम या पट्ट्यात कारखाने उभे राहिले तेव्हा कामाच्या शोधात गावोगावची माणसे आली. त्यांत नगर-जालन्याकडची आपली ख्रिस्ती कुटुंबेही होती. त्यांच्यातील वडीलधाऱ्यांना वामनदादांची गाणी तोंडपाठ आहेत. मात्र ती दार लोटून घेऊन, हलक्या आवाजात म्हटली जातात. चर्चच्या सभागृहात ती म्हणावीत की नाही, याचा संकोच वाटतो. हा संकोच धर्माचा नाही, पूर्वीच्या वस्तीची ओळख उघडी पडेल या भीतीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी झाला. पोटासाठी ते मुंबईला आले, गिरणीत राबले, चाळीत राहिले. शाळा अशी त्यांच्या वाट्याला आली नव्हती. कोणीतरी पत्र वाचून दाखवा म्हणून त्यांच्या हाती दिले आणि ते वाचता न आल्याने त्यांना रडू कोसळले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पुढे देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना अक्षरे शिकवली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते वाचायला लागले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर. तेथून २००४ साली मृत्यू येईपर्यंत हा माणूस गावोगाव गात हिंडला. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार हे त्यांचे एकमेव भांडवल होते. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्या गीतांत बुद्धही आला.

आता त्या गीतांकडे वळू. चाली उसन्या, हा त्यांच्यावरील नेहमीचा आक्षेप. चित्रपटातील लोकप्रिय चाल घ्यायची आणि तिच्यात आपले शब्द बसवायचे, यात प्रतिभा ती काय? हा आक्षेप घेणाऱ्याने रात्री मैदानात भरणाऱ्या गायनपार्टीचा विचार केलेला नसतो. समोर हजार माणसे आहेत, त्यांतील बहुतेकांना वाचता येत नाही, हातात छापील कागद नाही. चाल ओळखीची असली की श्रोत्याचा कान चालीत अडकत नाही, थेट शब्दाकडे जातो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले तेव्हा नवा छंद शोधला नाही. लोकांच्या ओठांवर असलेली ओवीच घेतली. त्याला आपण दूरदृष्टी म्हणतो आणि वामनदादांनी तेच केले की उसनवारी म्हणतो. हा न्याय नव्हे.

त्यांच्या गीताची बांधणीही पाहण्यासारखी आहे. ध्रुवपद आखूड असते, साथीदारांना दुसऱ्या वेळी उचलता येईल असे. अंतऱ्यातील ओळी एकाच यमकावर चढत जातात आणि यमक ऐकणाऱ्याच्या मनात आधीच तयार होते. कवीने तो शब्द उच्चारण्यापूर्वी श्रोता तो पुटपुटतो. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. ही संतांच्या अभंगातील नाममुद्रा आहे. ज्या समाजाला देवळाबाहेर उभे केले गेले, त्या समाजातल्या कवीने अभंगाची सही आपल्या नावाने करावी, यात केवळ परंपरा नाही, हक्क सांगणेही आहे.

सर्वच गीते सारख्या तोलाची आहेत असे आम्ही म्हणणार नाही. जयंतीसाठी, मोर्चासाठी मागणीनुसार लिहिलेली पुष्कळ गीते त्याच त्या विशेषणांवर उभी आहेत. प्रसंग सरला की ती कोमेजतात. (आमच्या नाताळगीतांपैकी निम्म्यांची हीच गत आहे, हे जाता जाता सांगून टाकतो.) परंतु जेथे ते गौरव सोडून जाब विचारतात तेथे त्यांची वाणी वेगळीच होते. देशातल्या बड्या उद्योगपतींची नावे घेऊन, संपत्तीच्या साठ्यातला आमचा वाटा कोठे आहे, असे विचारणारे त्यांचे गीत घ्या. त्यात शिवीगाळ नाही, घोषणा नाही. हिशेब मागणाऱ्या गड्याचा साधा स्वर आहे. कोलशेतच्या बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागी आज उंच इमारती उभ्या आहेत. त्या रस्त्याने जाताना हे गीत जुने झाले असे म्हणवत नाही.

दूरदेशीचे एक उदाहरण येथे आठवते. ग्रीसमधील सिरोस बेटावर १९०५ साली एका गरीब कॅथॉलिक घरात मार्कोस वाम्वाकारिस जन्मला. पिरेअसच्या बंदरात त्याने कोळसा वाहिला, तंतुवाद्य शिकला, स्वतः गाणी रचली आणि गायली. सुशिक्षितांनी ती गुत्त्यातली म्हणून हिणवली; १९३६ नंतरच्या हुकूमशाहीने त्या तऱ्हेच्या गाण्यांवर कात्री चालवली. १९३५ साली त्याने ध्वनिमुद्रित केलेले ‘फ्रांगोसिरिआनी’ हे गीत मात्र आज ग्रीसभर गायले जाते. सिरोसची कॅथॉलिक मुलगी, असा त्या शब्दाचा अर्थ. तेथील बहुसंख्य ऑर्थोडॉक्स समाज कॅथॉलिकांना ‘फ्रांगोस’ म्हणे; आपल्याकडचा ‘फिरंगी’ त्याच कुळातला. परकेपणाचा शिक्का असलेला शब्द मार्कोसने गाण्यात घेतला आणि तो लाडका करून टाकला. वामनदादा आणि मार्कोस यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. परंतु दोघांनीही आपल्या माणसांची लाज गाण्यात वितळवली.

वारशाविषयी मात्र चिंता वाटते. कल्याणच्या प्रल्हाद शिंदे यांच्यासारखे खणखणीत आवाजाचे गायक होते तोवर या परंपरेला कॅसेटचा आधार होता. शिंदेही २००४ सालीच गेले. आता ही गीते समारंभात मोठ्या ध्वनिक्षेपकांवर वाजतात. कित्येकदा अखेरचे कडवे गाळलेले असते, म्हणजे कवीचे नावच गाळलेले असते. ‘वाटचाल’सारखे छापील संग्रह आहेत, पण नुसते पान वाचून गीत अर्धेच हाती लागते, कारण कोणते गीत कोणत्या चालीवर, हे मुख्यतः गाणाऱ्यांच्या स्मरणात आहे. आमच्या धर्मग्रामात अशी जाणती माणसे आता पाच-सहाच उरली असून त्यांतील बहुतेकांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. आपल्या गायकवृंदातील तरुणांच्या खिशात मोबाइल आहेत. पावसाळ्यानंतरच्या रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, त्यांनी या आजी-आजोबांच्या घरी जाऊन बसावे आणि शेवटचे कडवे न गाळता गाणी मुद्रित करून घ्यावीत. सभागृहाचे दार त्यांच्यासाठी उघडे ठेवण्याची जबाबदारी आम्ही घेतो.