‘बळीचं राज्य’: एका मागणीचे वाचन

दिवाळीतल्या पाडव्याला ओवाळताना म्हणायचे एक वाक्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे: ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ बहुधा सणाची रीत म्हणूनच आपण ते ऐकतो. परंतु सामान्य माणसाची राज्यकर्त्यांकडून काय अपेक्षा आहे, याचे ते एक स्पष्ट विधानही आहे, आणि तसे ते वाचून पाहायला हवे.

पुराणकथेत बळी हरलेला आहे. वामनाने तीन पावलांत त्याचे सर्वस्व घेतले व त्याला पाताळात धाडले. विजय देवाचा झाला, तरी कथा ऐकणाऱ्या बायाबापड्यांनी मागणे मागितले ते हरलेल्याच्या राज्याचे. ज्या घरात विष्णूची पूजा होते, त्याच घरात हे मागणेही होते आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. केरळात ओणमला महाबली आपल्या प्रजेला भेटायला येतो, अशी श्रद्धा आहे. तिथे वाट राजाची पाहिली जाते. मराठी वाक्यात मात्र ‘बळी येवो’ असे नाही, ‘बळीचं राज्य येवो’ असे आहे. चांगल्या माणसाची वाट पाहणे आणि चांगल्या कारभाराची वाट पाहणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हा निराळेपणा जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’त (१८७३) ठळकपणे दिसतो. जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादातून हा ग्रंथ उलगडतो. त्यात बळीचे राज्य हे कारभाराच्या तपशिलांसह उभे राहते: खंडोबा म्हणजे एका खंडाचा अधिकारी, म्हसोबा म्हणजे महासुभा. या व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकणाऱ्या नाहीत. पण तेवढ्यावर ग्रंथ बाजूला सारला, तर त्यातली मुख्य गोष्ट हातची निसटते. फुल्यांनी गावोगावच्या देवांना पद दिले, हद्द दिली आणि काम नेमून दिले. देवाला नवस बोलायचा असतो. अधिकाऱ्याला जाब विचारता येतो. प्रश्न विचारणारा धोंडिबा या ग्रंथात म्हणूनच महत्त्वाचा आहे.

पुढची वाटचालही याच दिशेने झाली. ग्रंथ निघाला त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये तर ताली, बंधारे, तळी यांची चर्चा आहे, आणि पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून सरकारने आपल्याकडचे मनुष्यबळ वापरावे, अशी सूचना आहे. पाडव्याची आशा इथे कामांच्या यादीपर्यंत पोहोचते.

एक उणीव मात्र नोंदवावी लागते. फुल्यांचा बळी निर्दोष आहे. त्याच्या राज्याचा नाश बाहेरून येतो. अशा राजावर अंकुश कोणाचा, हे धोंडिबा विचारत नाही. आदर्श राजाच्या कल्पनेतली ही पोकळी आजही भरलेली नाही. निवडणुकीच्या सभेत नेत्याची मूर्ती घडते ती याच पोकळीत.

विसाव्या शतकाच्या अखेरीस शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने बळीराज्य हा शब्द पुन्हा चळवळीत आणला. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत त्याचा अर्थ नेमका आहे: मेहरबानी नको, हिशेब हवा. बाजारभावाची मांडणी पटो वा न पटो, मागणीचा रोख पुन्हा राज्याच्या धोरणावर होता.

आजच्या वृत्तपत्री मराठीत काय झाले आहे? पाऊस पडला की ‘बळीराजा सुखावला’, गारपीट झाली की ‘बळीराजा हवालदिल’. ज्याचे राज्य यावे अशी प्रार्थना होती, तो राजा आता नुकसानभरपाईच्या रांगेत उभा आहे. शेतकऱ्याला राजा म्हणण्यात गौरव आहे, हे खरे. पण या गौरवात मूळ वाक्यातला ‘राज्य’ हा शब्द गळून पडला आणि मागणीच्या जागी कळवळा आला. कळवळ्याने सत्तेवर कोणतेच बंधन येत नाही. मंत्र्याच्या भाषणातही ‘बळीराजा’ इतक्या सहज का येतो, याचे कारण इथे आहे.

वाक्य अजून जिवंत आहे. यंदाही ते घरोघर म्हटले जाईल. त्यात नव्या नेत्याची चाहूल शोधण्यापेक्षा धोंडिबासारखे साधे प्रश्न विचारलेले बरे: या खंडाचा अधिकारी कोण, इथे न्याय कोण करतो, पावसाचे पाणी अडवण्याचे काम कोणाकडे आहे, आणि ते झाले नाही तर जाब कोणी द्यायचा?