लेप, कल्हई आणि जस्त

धातूंवरील संरक्षक थरांसाठी मराठी शास्त्रीय लेखनात 'लेप' व 'विलेपन' हे शब्द योजले जातात. ते शुद्ध आहेत. पुरेसे मात्र नाहीत. लेप म्हटला की चंदन आठवते. ते वाळते आणि पुसले जाते. नंदुरबारच्या बाजारात आता क्वचितच दिसणारा कल्हईवाला तांब्याच्या पातेल्यात जे करतो, ते लेपणे नव्हे. नवसागराने धातूवरील ऑक्साइड निघते, आणि २३२ अंश सेल्सियसला वितळणारे कथील तांब्याशी संयोग पावून सांध्यावर मिश्रधातूचा पातळ थर निर्माण करते. 'कल्हई' हा शब्दच कथलाच्या अरबी नावावरून आला; द्रव्याचे नाव क्रियेला मिळाले. 'जस्ती पत्रा' याच वळणाचा. त्यावर ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते व लोखंड वाचते. कथील चढविलेल्या पत्र्यावर ओरखडा पडल्यास उलट लोखंडच त्वरेने गंजते. 'विलेपित पत्रा' वाचणाऱ्या विद्यार्थ्यास हा भेद कळावा कसा? 'मुलामा' या शब्दाला ढोंगाचा वास लागला, म्हणून परिभाषाकारांनी तो टाळला असल्यास समजू शकते. हिंदीत कलईही 'खुलते'. मराठीत कल्हईवर तसा आरोप सहसा कोणी केलेला नाही.