यंत्राचा कान आणि खाँसाहेबांची मींड

उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले आणि जयपूर-अत्रौली गायकी या मातीत रुजली. खाँसाहेबांनी आपल्या गाण्याची तबकडी निघू दिली नाही. ते उरले शिष्यांच्या गळ्यात. उद्या संगणक या गायकीची साथ करू लागला, तर त्याला नेमके काय ऐकू येईल? रॉबर्ट रो यांचे ‘इंटरॅक्टिव्ह म्युझिक सिस्टिम्स’ (१९९३) वाचताना हा प्रश्न पडतो.

रो तीन पायऱ्या सांगतात : ऐकणे, त्यावर प्रक्रिया करणे, उत्तर देणे. मांडणी सुबोध आहे. मैफलीतला तबलजीही हेच करतो. अडचण पहिल्याच पायरीवर आहे. त्यांच्या ‘सायफर’ या प्रणालीला नाद मिळत नाही, १९८३ पासून रूढ झालेल्या ‘मिडी’चे आकडे मिळतात : कोणती पट्टी दाबली, किती जोराने, केव्हा सोडली. पियानोचा मधला ‘सी’ म्हणजे ६०, पुढची पट्टी ६१. त्यावरून सायफर स्वरांची उंची, जोर, गती, दाटी ठरवते. या निकषांत मींड नाही.

मिडीत स्वर वाकवण्याची सोय आहे, तीही १६,३८४ पायऱ्यांची. पण तिथे वाकवणे ही ठरलेल्या पट्टीला जोडलेली पुरवणी असते. दरबारीतला आंदोलित गंधार मात्र आंदोलनासकटच गंधार असतो.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुती मोजल्या, १९१० मध्ये त्यावर ग्रंथ काढला. त्या कामाला मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार होता. तिथे मोजपट्टी गळ्याकडे गेली. पण त्याच काळात, विद्या कागदावर नाही म्हणून उस्तादांना अडाणी ठरवणारेही होते. सीना-ब-सीना आलेली तालीम त्यांच्या वहीत मावली नाही, आणि दोष वहीला न लागता उस्तादांना लागला. यंत्राच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ नये.

सुदैवाने मार्ग बदलतो आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रीती राव आणि सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रणातून गळ्याची सलग स्वररेषा काढून रागांतील स्वरसंगती अभ्यासल्या. तिथे मींड रेषेचाच भाग असते.

रो यांचे पुस्तक जरूर वाचावे. यंत्राशी संवादाचा इतका स्वच्छ आराखडा क्वचित मिळतो. मात्र संगीताची सॉफ्टवेअरे लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आधी एवढे तपासावे : यंत्राच्या हाती गाणे दिले आहे, की फक्त पट्ट्यांचा हिशेब?