पऱ्हे आणि रोवणी

कादंबरीकाराला वाचक एक प्रश्न हमखास विचारतात : "तुम्हांला हे सुचतं तरी कसं?" या कुतूहलामागे एक समजूत दडलेली असते. कथाबीज ही दैवी देणगी आहे, ती ज्याच्या झोळीत पडली तो कादंबरीकार झाला, अशी ती समजूत. ना. सी. फडके यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून तिला चांगलाच धक्का दिला. कथालेखनाला तंत्र असते आणि ते अभ्यासाने साधते, असे त्यांचे प्रतिपादन होते. तरीही एक गोष्ट उरतेच. बीज हाती आल्यापासून कादंबरी उभी राहीपर्यंत मध्ये नेमके काय घडते?

याचे उत्तर आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडे आहे, असे मला वाटते. धान लावण्याच्या इकडे दोन तऱ्हा आहेत. एक आवत्याची. बी थेट बांधीत फेकायचे. जिथे पडले तिथेच ते वाढायचे, आणि तणही त्याच्या जोडीने वाढायचे. दुसरी रोवणीची. आधी लहानशा जागेत दाट पऱ्हे टाकायचे, रोपे पुरेशी वाढली की ती उपटायची आणि चिखल केलेल्या दुसऱ्या बांधीत अंतर राखून पुन्हा लावायची. उपटलेले रोप पहिले काही दिवस मलूल दिसते. पण एकदा मूळ धरले की त्याला फुटवे फुटतात. चांगली कादंबरी ही रोवणीची असते, एवढेच मला सांगायचे आहे.

टॉलस्टॉयचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १८७२ सालच्या जानेवारीत त्याच्या शेजारच्या जमीनदाराबरोबर राहणाऱ्या ॲना नावाच्या स्त्रीने आगगाडीखाली जीव दिला. टॉलस्टॉयने तिचे प्रेत पाहिले. पुढच्या वर्षी त्याने 'ॲना कॅरेनिना' लिहायला घेतली. नाव तेच, शेवटही तोच. पण बाई तेथून उपटून उमराव समाजात नेऊन लावलेली. तिला प्रतिष्ठित नवरा दिला, मुलगा दिला, गमावण्याजोगे सारे काही दिले. जे घडले ते तसेच लिहिले असते, तर ती वर्तमानपत्रातली एक दुःखद बातमी झाली असती.

आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांकडे पाहावे. माणदेशातल्या लेंगरेवाडीत त्यांनी कोवळ्या वयात मास्तरकी केली आणि १९५५ साली त्या अनुभवातून 'बनगरवाडी' आली. नोकरीच्या दिवसांत शेकडो गोष्टी घडतात, पण त्यांना क्रम नसतो. कादंबरीत मात्र धनगरांचे ते गाव मास्तरांभोवती हळूहळू गोळा होते, एकजुटीने तालीम बांधते, आणि पुढे दुष्काळ येऊन तेच गाव पांगते. भरणे आणि ओस पडणे, ही दोन टोके लेखकाने लावलेली आहेत. शिवाय 'मी' म्हणून बोलणारा मास्तर स्वतःला मिरवीत नाही. तो बाजूला उभा राहतो आणि गाव नायक होते. आत्मचरित्राच्या वाफ्यातले रोप दुसऱ्या बांधीत गेले, ते असे.

याच लेखकाने आमच्या नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम करून 'नागझिरा' लिहिले. ते आवत्याचे पीक आहे : जे दिसले ते जिथल्या तिथे नोंदलेले, आणि तसेच गोड. पण ती कादंबरी नव्हे. वानरांच्या टोळ्यांवरची 'सत्तांतर' ही १९८२ सालची कादंबरी, जिला पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तिचे नावच पाहा. शब्द माणसांच्या राजकारणातला, गोष्ट वानरांची. एका रानातले निरीक्षण दुसऱ्या रानात रोवले गेले, आणि वाचणारा माणूस स्वतःकडे पाहू लागला.

रोप उपटले तरी त्याच्या मुळांना थोडी माती चिकटून राहते. ती माती म्हणजे भाषा. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधली (१९६०) कौतिक ही गरीब शिंप्याची बायको. नवरा महादेव आधीच हात-पाय हलविणारा नव्हे, त्यात त्याला महारोग जडतो; आणि बाई मुलांसाठी झुंजत राहते. अशा बायका गावोगाव आहेत. पण शेळक्यांची माणसे वऱ्हाडी बोलतात, म्हणून कौतिकचे दुःख कुठल्याही बाईचे न राहता तिचे एकटीचे होते, आणि मग साऱ्यांचे होते. माती धुऊन टाकून लावलेले रोप जगत नाही.

हे सारे सांगण्याला कारण आहे. "आपल्याकडे लिहिण्याजोगे काय आहे?" असे आमच्याकडचे तरुण म्हणतात, तर दुसरीकडे वडीलधारे म्हणतात, "गुरुजी, आमच्या गावावर लिहा." गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि वैनगंगेकाठची गावे उठली. देवळे, आंब्याची झाडे, शिवेचे वाद, सारे पाण्याखाली गेले. एवढे बीज कोणत्या लेखकाला पुरणार नाही? पण त्या गावकऱ्यांची आसवे आणि मोबदल्याचे आकडे जसेच्या तसे मांडले, तर तो अहवाल होईल; आणि शेजाऱ्याचे नाव-गाव ओळखू येईल असे लिहिले, तर त्याचे दुःख आपण चव्हाट्यावर मांडले असे होईल. रोवणीत कला आहे तशी मर्यादाही आहे. त्या घरातली बाई दुसऱ्या घरात न्यावी, तिला वेगळा भाऊ, वेगळा हट्ट द्यावा; बोली मात्र झाडीचीच ठेवावी. मग ती जे बोलेल ते बातमीत नसेल, पण खोटेही नसेल.

यासाठी घाई नको. पऱ्हे कोवळे असताना उपटले तर मोडते, आणि फार दिवस तसेच ठेवले तर निबर होते. ती वेळ ओळखणे हेच लेखकाचे शहाणपण. ते कोणी कोणाला शिकवू शकत नाही. आज दिवाळीत कापणीला आलेले धान पाहताना, ते कुणाच्या तरी वाकलेल्या पाठीने एका वाफ्यातून दुसऱ्या बांधीत नेऊन लावले होते, एवढे आपण आठवावे, आणि एखादी कादंबरी आवडली तर "हे सुचलं कसं?" याऐवजी "हे वाढवलं कसं?" असे तिच्या लेखकाला विचारावे.