'प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज'मधील डावपेच : ओळीच्या रचनेची एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकीय खेळांविषयी होणाऱ्या लेखनात 'कसे जिंकावे' हे सांगणाऱ्या सल्ल्यांचे प्रमाण फार मोठे आहे. असे असूनही कथा, नाटक वा चित्रपट यांच्या रचनेचा ज्या गांभीर्याने विचार केला जातो, तसा विचार या सल्ल्यांच्या वाट्याला क्वचितच येतो. वस्तुतः प्रत्येक सल्ला हे त्या खेळाचे एक वाचन असते. खेळाचे नियम कोणत्या तत्त्वावर उभे आहेत, याविषयी सल्ला देणाऱ्याने काहीएक गृहीत धरलेले असते. ते बहुधा अव्यक्त राहते एवढेच. प्रस्तुत लेखात 'प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज' या खेळाच्या संदर्भात दिले जाणारे काही प्रचलित सल्ले खेळाच्या रचनेवर घासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

अमेरिकेतील सिॲटल येथील पॉपकॅप या कंपनीने हा खेळ मे २००९ मध्ये प्रकाशित केला. त्याचा रचनाकार जॉर्ज फॅन. घराच्या अंगणात वनस्पती लावून चाल करून येणाऱ्या मृतांना अडवावयाचे, हे त्याचे कथासूत्र. (मराठी वाचकाला 'झोंबी' म्हटले की प्रथम आनंद यादव आठवतात, म्हणून येथे 'झॉम्बी' हे रूप स्वीकारले आहे.) 'टॉवर डिफेन्स' या प्रकारात तो मोडतो, परंतु त्या प्रकारातील पूर्वीच्या खेळांहून त्याची एक बाजू मूलतः निराळी आहे. २००७ च्या 'डेस्कटॉप टॉवर डिफेन्स'मध्ये बुरूज रचून शत्रूची वाट खेळाडूच वळवीत असे आणि एक बुरूज आपल्या भोवतालच्या वर्तुळात कोठेही मारा करी. फॅन यांनी ही वाट सरळ केली. दिवसाच्या अंगणात पाच आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत नऊ चौकोन. तिसऱ्या ओळीतील वाटाणे फेकणारी 'पीशूटर' चौथ्या ओळीतील शत्रूला स्पर्शही करू शकत नाही. एका ओळीतील सुबत्ता शेजारच्या ओळीच्या उपयोगी पडत नाही, हा या खेळातील सर्वांत कठोर नियम होय.

हा नियम शिकविण्याची पद्धतही लक्षणीय आहे. पहिल्या पातळीवर अंगणात एकच ओळ हिरवळीची असते. दुसऱ्या व तिसऱ्या पातळीवर तीन, आणि चौथ्यापासून पाच. नव्या खेळाडूला कोणतेही व्याख्यान न देता ओळ हे खेळाचे एकक आहे, हे त्याच्या हाती उतरविले जाते.

वेळेचा हिशेब

सर्वाधिक प्रचलित सल्ला असा : डावीकडील दोन उभे रकाने सूर्यफुलांनी भरून घ्यावेत. सल्ला योग्य आहे. तो योग्य का, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. सूर्यफुलाची किंमत ५० 'सूर्य'. ते सुमारे चोवीस सेकंदांनी २५ सूर्य देते. म्हणजे दोन वेळच्या उत्पन्नात, साधारण पाऊण मिनिटात, त्याची किंमत वसूल होते. साधा झॉम्बी एक चौकोन ओलांडण्यास जवळजवळ पाच सेकंद घेतो. नऊ चौकोनांचे अंगण पार करण्यासही त्याला पाऊण मिनिटाच्या आसपासच लागतात. एका शत्रूची वाटचाल आणि एका सूर्यफुलाची परतफेड यांची लांबी जवळपास सारखी आहे, हे ध्यानात आले की आरंभीची पेरणी एवढी निर्णायक का ठरते याचा उलगडा होतो. पहिला शत्रू घरापाशी पोहोचण्याआधी लावलेले सूर्यफूल फुकट पडल्यासारखेच असते. नंतर लावलेले प्रत्येक फूल संरक्षणाच्या खर्चाशी स्पर्धा करते.

याच हिशेबातून आणखी एक चांगला सल्ला निघतो, जो तुलनेने कमी दिला जातो. पहिल्या एकट्या शत्रूसाठी १०० सूर्यांची पीशूटर लावण्याची गरज नाही. २५ सूर्यांचा बटाट्याचा सुरुंग पुरतो. मात्र तो जमिनीतून वर येऊन सज्ज होण्यास सुमारे पंधरा सेकंद घेतो, म्हणून तो शत्रूपासून किमान तीन-चार चौकोन मागे पेरावा लागतो. वाचलेल्या ७५ सूर्यांत दीड सूर्यफूल येते.

संरक्षणाविषयीच्या सल्ल्यांत अक्रोडाचा उल्लेख नेहमी 'भिंत' असा होतो. ही उपमा दिशाभूल करणारी आहे. साधा झॉम्बी दहा वाटाण्यांत पडतो, डोक्यावर शंकू असलेला अठ्ठावीस, तर बादली घातलेला पासष्ट वाटाण्यांत. एक पीशूटर साधारण दीड सेकंदाला एक वाटाणा फेकते; म्हणजे बादलीवाल्याला एकटीने पाडण्यास तिला दीड मिनिटाहून अधिक वेळ हवा, आणि शत्रू तर पाऊण मिनिटात दाराशी येतो. अक्रोड खाण्यास एका झॉम्बीला सुमारे चाळीस सेकंद लागतात. तेव्हा ५० सूर्यांत खेळाडू विकत घेतो ते चाळीस सेकंद. भिंत ही शत्रूला थांबविण्यासाठी असते. अक्रोड मात्र मागच्या माऱ्याला अवधी मिळवून देण्यासाठी आहे, आणि मागे मारा नसेल तर तो निव्वळ नैवेद्य ठरतो. बांबूच्या आधाराने उडी मारणारा झॉम्बी त्याला ओलांडून जातो, 'गारगँचुअर' हा महाकाय त्याला एका घावात चिरडतो. 'भिंत' म्हणून सल्ला घोकलेला खेळाडू अशा वेळी गोंधळतो. 'अवधी' म्हणून समजलेला खेळाडू अन्य मार्गाने अवधी मिळवू पाहतो. थंड वाटाण्यांनी शत्रूची गती निम्मी करणे हा एक मार्ग. चुंबकाच्या अळंबीने बादलीच ओढून घेणे हा दुसरा, आणि तो अधिक चतुर. कारण त्यामुळे पासष्ट वाटाण्यांचे काम दहांवर येते.

बियांच्या निवडीसंबंधीचे सल्ले मात्र बहुतांशी निराश करतात. खेळात एकूण ४९ वनस्पती आहेत; आरंभी सहा आणि पुढे दुकानातून जागा विकत घेऊन जास्तीत जास्त दहा प्रकारच्या बिया बरोबर नेता येतात. प्रत्येक पातळीपूर्वी रस्त्यावर वाट पाहत उभे असलेले शत्रू खेळाडूला दाखविले जातात. म्हणजे निवडीच्या आधी प्रश्नपत्रिका उघड केलेली असते. तरीही सल्ले देणारे 'सर्वोत्तम दहा' अशी कायमची यादी हाती ठेवतात. महाविद्यालयीन अध्यापकांना ही प्रवृत्ती अपरिचित नसावी : प्रश्न वाचण्याआधीच उत्तर पाठ असलेल्या विद्यार्थ्याची ती प्रवृत्ती होय. रात्रीच्या पातळ्यांत आकाशातून सूर्य पडत नाहीत, त्यामुळे ५० सूर्यांच्या सूर्यफुलाऐवजी २५ सूर्यांची सूर्य-अळंबी सोयीची ठरते. छपरावर उताराला वाटाणे आपटतात, तेथे फेकून मारणारी कोबी वा कलिंगडाची गोफण लागते. दर दहाव्या पातळीवर तर सरकत्या पट्ट्यावरून येईल ते बी वापरावे लागते आणि सूर्यांचा हिशेबच रद्द होतो. खेळाची रचना जणू यादीवर विसंबणाऱ्याला ठरावीक अंतराने नापास करू पाहते. मुख्य प्रवासाच्या पन्नास पातळ्या इतक्या सौम्य आहेत की प्रत्यक्षात तो बहुधा नापास होत नाही, हा या खेळाचा दोष मानावा लागेल. चुकीची निवडही चालून जाते. शिवाय हिरवळीवरील प्रत्येक ओळीच्या टोकाला गवत कापण्याचे एक यंत्र शेवटचा आधार म्हणून उभे असतेच.

ओळ मोडणाऱ्या वनस्पती

ओळ हे एकक असेल, तर ते मोडणाऱ्या वनस्पतींकडे समीक्षेने विशेष लक्ष द्यावयास हवे. तीन ओळींत मारा करणारी 'थ्रीपीटर' ३२५ सूर्यांना मिळते. ओळीच्या नियमातून सूट मिळविण्याचे मूल्य एवढे जबर आहे. चेरी बॉम्ब १५० सूर्यांत तीन बाय तीन चौकोन साफ करतो, परंतु एकदाच. सर्वांत विलक्षण आहे तो लसूण. ५० सूर्यांचा हा गड्डा चावताच झॉम्बी तोंड वाकडे करून शेजारच्या ओळीत जातो. शत्रूला मारण्याऐवजी त्याची ओळ बदलणारी ही वनस्पती आहे. काही ओळींत लसूण लावून तेथील शत्रू शेजारच्या ओळींत लोटले, तर मारा त्या ओळींत एकवटता येतो. पूर्वीच्या खेळांत खेळाडू जी वाट वळवीत असे, ती येथे मागच्या दाराने परत येते. सल्ल्यांमध्ये मात्र लसणाची बोळवण 'गंमत म्हणून वापरून पाहावा' एवढ्यावर होते. हा अन्याय आहे.

अंतहीन टिकून राहण्याच्या प्रकारात हा ताण टोकाला जातो. तेथे दर फेरीगणिक शत्रू दाटत जातात आणि केवळ वाटाण्यांवर निभाव लागत नाही. अनुभवी खेळाडूंच्या मांडण्यांत म्हणूनच मक्याच्या तोफांची गर्दी दिसते. दोन शेजारच्या चौकोनांतील मक्यांवर ५०० सूर्य खर्चून ही तोफ उभी राहते आणि तिचा गोळा अंगणात कोठेही टाकता येतो. तिच्यापुढे ओळ उरतच नाही. रचनाकाराला याची कल्पना असावी, कारण या प्रकारात अंगणात आधीच असलेल्या प्रत्येक सुधारित वनस्पतीमागे त्या जातीच्या पुढच्या रोपाची किंमत ५० सूर्यांनी वाढते. अर्थात सूर्यांचा साठा भरपूर असल्यावर ही वाढ कोणाला अडवीत नाही, आणि ओळींवर उभारलेला खेळ त्याच्या सर्वोच्च पायरीवर नेम व घड्याळ यांचा खेळ बनतो. तो वाईट नाही. पहिल्या पातळीवरील एका हिरव्या ओळीत जे शिकविले गेले, त्याच्याशी त्याचे नाते मात्र क्षीण आहे.

२०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने पॉपकॅप विकत घेतली आणि २०१३ मध्ये खेळाचा दुसरा भाग विनामूल्य स्वरूपात आला. त्यात वनस्पतीला क्षणभर अचाट बळ देणारे 'खाद्य' आहे. तसेच नाणी खर्चून शत्रूला बोटाने उचलून फेकण्याची सोय आहे, आणि ती नाणी खऱ्या पैशांनी विकत घेता येत. पहिल्या भागात अवधी मिळविण्यासाठी अक्रोड कोठे व केव्हा लावावा याचा विचार करावा लागे. दुसऱ्या भागात तोच अवधी दुकानातही मिळू लागला. साहजिकच दुसऱ्या भागाविषयीच्या सल्ल्यांत 'कोणती वनस्पती विकत घेण्याजोगी आहे' या प्रश्नाला मोठे स्थान मिळाले.