दोष कोणाचा? : फंक्शनल भाषेतील करार आणि चाचणी

संगणकाची आज्ञावली हा दोन वाचकांसाठी लिहिलेला मजकूर असतो. एक वाचक यंत्र; दुसरा माणूस, ज्याला पुढे कधीतरी तिच्यात दुरुस्ती करायची असते. यंत्र शब्दशः वाचते. माणसाला मात्र लिहिणाऱ्याची अपेक्षा काय होती हेही कळावे लागते. ही अपेक्षा मजकुरातच नोंदवण्याचे दोन मार्ग रूढ आहेत : चाचणी आणि करार. रॅकेट या फंक्शनल वळणाच्या भाषेभोवती जे लेखन झाले, त्यातील एक पाठ्यपुस्तक आणि दोन निबंध समोर ठेवून या दोहोंची येथे तपासणी करायची आहे.

फंक्शनल भाषेतील फंक्शन हे गणितातल्या फलासारखे असते : तेच दिले की तेच उत्तर. सरासरी काढणारे फंक्शन घेऊ. १०, २०, ३० दिले तर २० आले पाहिजेत, ही झाली चाचणी. ‘संख्यांची यादी द्या, ती रिकामी नसावी, मी एक संख्या परत देईन’ हा झाला करार. न्यायशास्त्राच्या पंचावयवी वाक्यातले शब्द वापरायचे तर करार ही प्रतिज्ञा आणि चाचणी हे उदाहरण. शंभर चाचण्या लिहूनही रिकाम्या यादीचा विचार सुटू शकतो. करार सगळ्याच याद्यांविषयी बोलतो, पण प्रत्यक्ष यादी समोर येईपर्यंत तो गप्प असतो. म्हणून दोघांना एकमेकांची गरज आहे. प्रतिज्ञा खरी का, हे सांगणारा ‘हेतू’ हा अवयव मात्र दोघांकडेही नाही. तो गणिती सिद्धतेचा प्रांत.

फेलायझेन, फिंडलर, फ्लॅट आणि कृष्णमूर्ती यांचे ‘हाउ टू डिझाइन प्रोग्रॅम्स’ हे पाठ्यपुस्तक २००१ साली आले. पुस्तकांवरून स्वतः शिकणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला त्याची शिस्त भावते : फंक्शनच्या आधी त्याचा करार लिहा, प्रयोजन लिहा, उदाहरणे लिहा, मगच आज्ञा. पण तेथील ‘करार’ ही केवळ टीप होती. यंत्र ती वाचतच नव्हते. मोडली तरी कोणी विचारणारे नव्हते. २०१८च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच टिपेला ‘सिग्नेचर’ म्हटले आहे, आणि उदाहरणे मात्र यंत्राकडून तपासून घेता येतील अशा रूपात लिहिली आहेत. उदाहरणाला बढती मिळाली, टिपेकडून मोठा शब्द काढून घेतला गेला. जो तपासला जात नाही त्याला करार म्हणू नये, असा या बदलाचा अर्थ मी लावतो. पाठ्यपुस्तकाने आपल्याच परिभाषेवर केलेली ही प्रामाणिक समीक्षा आहे.

खऱ्या अर्थाने तपासले जाणारे करार बर्ट्रांड मेयर यांनी १९८०च्या दशकात आयफेल भाषेत आणले होते. फंक्शनल भाषेत मात्र एक वेगळीच अडचण उभी राहते. तेथे चाचणी सोपी, कारण मागच्या घडामोडींचा हिशेब ठेवावा लागत नाही. करार अवघड, कारण एक फंक्शन दुसऱ्याच्या हाती सोपवता येते. समजा, निवड करणाऱ्या फंक्शनला गुण देणारे दुसरे फंक्शन पुरवायचे आहे, आणि करार असा की गुण ० ते १०० मधलेच असावेत. ते हाती आले त्या क्षणी हे तपासणार कसे? पुढे कोणते उमेदवार येतील हेच तेव्हा ठाऊक नसते. फिंडलर आणि फेलायझेन यांनी २००२च्या निबंधात तोडगा दिला : त्या फंक्शनवर पहारा बसवायचा आणि प्रत्येक वापराच्या वेळी आत जाणारे व बाहेर येणारे तपासायचे. १२० गुण बाहेर आले तर दोष ते फंक्शन पुरवणाऱ्याचा. उमेदवाराऐवजी भलतेच काही आत दिले गेले तर दोष निवड करणाऱ्याचा. चूक उघडी पडते एकीकडे, मूळ असते दुसरीकडे; पहाऱ्याला मात्र दोन्ही पक्षांची नावे ठाऊक असतात.

चाचणी विचारते, ‘बरोबर आले का?’ करार विचारतो, ‘चुकले तर कोणाचे?’ हा दुसरा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या ‘होरायझन’ या हिशेब-प्रणालीने दाखवलेल्या तुटीपायी १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक लोक दोषी ठरले. त्यांत मुख्यतः लहान टपाल कार्यालये चालवणारे होते. यंत्र नीट चालत होते असे गृहीत धरण्याकडे न्यायालयांचा कल होता. प्रणालीत दोष होते हे न्यायालयाने २०१९ साली मान्य केले आणि २०२४ साली कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. होरायझनचा रॅकेटशी संबंध नाही, आणि करार असते तर हे टळले असते असा माझा दावाही नाही. पण दोष कोणाच्या माथी जातो याचे मोल किती, ते या प्रकरणावरून कळते.

म्हणूनच दुसरा निबंध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही करारांत अट तपासताना करार स्वतःच हाती आलेले फंक्शन वापरतो. हा वापरच नियमबाह्य झाला तर? जुन्या पद्धतींपैकी एक ते नजरेआड करी. दुसरी दोन पक्षांपैकी एकाच्या माथी मारी. २०११ साली दिमुलास, फिंडलर, फ्लॅनगन आणि फेलायझेन यांनी कराराला तिसरा पक्ष मानले, म्हणजे त्याच्यावरही दोष ठेवता येऊ लागला. बळीचा बकरा शोधणे पुरे, असे निबंधाचे शीर्षकच बजावते.

तरीही मर्यादा राहतेच. कराराने फंक्शनचा गैरवापर केला तर तो पकडला जातो. करारातील अटच अन्यायकारक असेल तर पहारा तीच इमानाने राबवतो. गुणांची कमाल मर्यादा १०० ऐवजी चुकून १० लिहिली, तर प्रामाणिकपणे ७० गुण देणारा दोषी ठरेल. अशा वेळी स्वतंत्रपणे लिहिलेले साधे उदाहरणच उपयोगी पडते : या उमेदवाराला ७० मिळायला हवेत, मग अडते कुठे? म्हणून करार लिहिणाऱ्यानेच सगळ्या चाचण्या लिहू नयेत, असे मला वाटते. नियमाला प्रश्न विचारणारे उदाहरण नियमाबाहेरच्या माणसाकडून आलेले बरे.