अमली पदार्थांची ओळख आणि तंत्रांची प्रतवारी : एक परीक्षण

जप्त केलेली भुकटी अमुकच पदार्थ आहे, असे प्रयोगशाळेने लिहून दिले की शास्त्राचे काम संपते आणि न्यायाचे सुरू होते. त्या एका नावावर पुढे एखाद्या माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून राहते. यास्तव ते नाव किती पुराव्यानंतर उच्चारावे, हा केवळ रसायनशास्त्रज्ञांच्या आपापसांतील व्यवहाराचा प्रश्न नव्हे. अमेरिकेत १९९७ साली स्थापन झालेल्या आणि ‘स्वगड्रग’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या शास्त्रीय कार्यगटाने या प्रश्नाला दिलेले उत्तर अनेक देशांतील न्यायसहायक प्रयोगशाळांना आधारभूत झाले आहे. त्या उत्तराचे मोल मान्य करूनही त्यातील एक उणीव दाखविणे आवश्यक आहे.

कार्यगटाच्या शिफारशींत विश्लेषणतंत्रांचे तीन वर्ग केले आहेत. वस्तुमान-वर्णपट, अवरक्त वर्णपट, अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन इत्यादी तंत्रे पहिल्या वर्गात येतात. गॅस क्रोमॅटोग्राफी आणि तिची भावंडे दुसऱ्यात. रंगपरीक्षा व वितळबिंदू तिसऱ्यात. पहिल्या वर्गातील तंत्र वापरले असेल, तर त्याच्या जोडीस निदान एक अन्य तंत्र असावे, हा नियम. एकाच यंत्रात जोडलेली दोन तंत्रे, दोहोंचे निष्कर्ष उपयोगात आणले असल्यास, स्वतंत्र मानली जातात. एकट्या रंगपरीक्षेवर विसंबण्याच्या वृत्तीस या नियमाने आळा घातला, हे त्याचे श्रेय निःसंशय होय.

परंतु या वर्गीकरणाचे गृहीतक असे की, भेद दाखविण्याची शक्ती हा तंत्राचा अंगभूत गुण आहे. मेफेड्रोनच्या उदाहरणावरून हे गृहीतक किती अपुरे आहे ते दिसून येते. १९२९ साली प्रथम वर्णिलेल्या आणि या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात पसरलेल्या या पदार्थाच्या बेंझीन-वलयावर एक मिथिल गट पॅरा, म्हणजे चौथ्या, स्थानी असतो. तोच गट तिसऱ्या वा दुसऱ्या स्थानी बसविला की त्याचे दोन समघटक तयार होतात. तिघांचे रेणुसूत्र एक, रेणुभार एकच, १७७. वस्तुमान-वर्णपटमापकात रेणू फुटतो तो कार्बोनिल गटाच्या लगत. नायट्रोजन असलेला तुकडा ५८ या अंकावर सर्वांत उंच शिखर देतो. वलयाचा तुकडा ११९ वर आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघून गेल्यावर ९१ वर दिसतो. मिथिल गट वलयावर कोठेही असो, या तुकड्यांचे वजन बदलत नाही. म्हणून तिन्ही वर्णपट जवळजवळ एकसारखेच उमटतात.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ब्युफेड्रोन हाही त्याच रेणुसूत्राचा पदार्थ. पण त्याचा ज्यादा कार्बन वलयावर नसून बाजूच्या साखळीत असल्यामुळे त्याचे मुख्य शिखर ७२ वर येते आणि यंत्र त्याला मेफेड्रोनपासून बिनचूक वेगळे करते. तेच यंत्र, तेच रेणुसूत्र. एका प्रश्नापुढे ते पहिल्या वर्गाचे ठरते, दुसऱ्यापुढे निरुत्तर होते. तेव्हा भेदशक्ती तंत्रात नसते. तंत्र आणि प्रश्न यांच्या जोडीत असते. संग्रहातील वर्णपटांशी तुलना करून यंत्र जो साम्यांक छापते, त्याचाही अर्थ एवढाच की, संग्रहातील पदार्थांत हा सर्वांत जवळचा. दुसरा कोणी नाही, असे तो सांगत नाही.

हा भेद केवळ पंडिती नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या करारातील दुसऱ्या अनुसूचीत मेफेड्रोनचा समावेश २०१५ साली झाला. मेटा-समघटकाचा समावेश करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. नेदरलंड्समध्ये मेफेड्रोन निषिद्ध असूनही मेटा-समघटक ऑक्टोबर २०२१ पर्यंत निषिद्ध नव्हता. या अवधीत मिथिल गटाचे एक स्थान हेच गुन्हा आणि निर्दोषता यांमधील अंतर होते. भारतात मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्याखाली आणले गेले. मुंबई-पुण्याच्या न्यायालयांस त्याचे नाव आता अपरिचित नाही. २०२४ साली कुरकुंभ येथे मोठा साठा जप्त झाल्यापासून तर ते वृत्तपत्रांच्या सामान्य वाचकासही ठाऊक झाले आहे.

प्रश्न सोडविता येत नाही, असे मात्र नव्हे. अवरक्त वर्णपटात ९०० ते ६९० तरंगांकाच्या पट्ट्यात वलयावरील गटांची मांडणी आपली खूण ठेवते; परंतु भुकटीत भेसळ असेल तर ती खूण झाकली जाते. चुंबकीय अनुस्पंदनात पॅरा-रचनेची समरूपता स्पष्ट उमटते. परंतु ते यंत्र महाग आहे. गॅस क्रोमॅटोग्राफीत तिघांच्या बाहेर पडण्याच्या वेळा भिन्न असतात, पण अंतर थोडे असते. तिन्हींचे प्रमाण-नमुने त्याच यंत्रातून त्याच परिस्थितीत तपासले असतील, तरच त्या अंतरास पुराव्याचे मोल येते. एकट्या मेफेड्रोनच्या प्रमाण-नमुन्याशी वेळ जुळविणे म्हणजे इतर दोघांना चौकशीस न बोलावताच निर्दोष ठरविणे होय.

शिफारशींची बाजू घेणारा म्हणेल की, निवडलेल्या तंत्रसमूहाने चुकीची ओळख टळलीच पाहिजे, असे त्यांत म्हटलेच आहे. हे खरे; किंबहुना संपूर्ण ग्रंथातील तेच वाक्य खरा नियम आहे. दुर्दैव असे की, कामाच्या ओझ्याखाली वाकलेला विश्लेषक वाक्य वाचत नाही, कोष्टक वाचतो. आणि कोष्टकातील दोन खुणा भरल्या की ओळख पटली असे समजतो. किमान अट हळूहळू पुरेशी अट बनते.

प्रत्येक नमुन्यावर सर्व तंत्रे चालवावीत, ही मागणी अव्यवहार्य ठरेल. परंतु कोणकोणत्या समघटकांची शक्यता तपासून बाजूला सारली, हे अहवालात नमूद करण्यास एक ओळ पुरते. जेथे तशी तपासणी झाली नाही, तेथे ‘मिथिलमेथकॅथिनोन, मिथिल गटाचे स्थान अनिश्चित’ इतकेच लिहावे. असे लिहिण्याने प्रयोगशाळेची प्रतिष्ठा उणावत नाही. आणि कायद्याला त्या स्थानाची गरज असेल, तर ते निश्चित करून मागण्याची संधी न्यायालयास मिळते.